जिभेची परीक्षा आणि हाताची

भौतिकोपचाराच्या पदवी-अभ्यासक्रमाचा नवा आराखडा संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाने २०२५ साली प्रसिद्ध केला. त्यानंतर जी चर्चा झाली ती मुख्यतः दोन गोष्टींभोवती फिरत राहिली. एक, प्रवेशासाठी 'नीट'ची अट. दुसरी, नावाआधी 'डॉक्टर' लावण्याचा अधिकार. पैकी पहिली महाराष्ट्राला नवी नाही. येथे हा प्रवेश त्याआधीपासूनच नीटच्या गुणांवर होत आला आहे. दुसरीबाबत केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये मनाईचे पत्र काढले आणि लगोलग ते मागेही घेतले. उपाधीच्या या धुरळ्यात एक खरी महत्त्वाची तरतूद झाकली गेली. चार वर्षांच्या शिक्षणानंतरची सहा महिन्यांची आंतरवासिता आता पूर्ण एक वर्षाची व्हावयाची आहे. त्या वर्षात विद्यार्थ्याच्या कामाकडे कोण पाहणार, आणि तो रुग्णास हात लावण्यास योग्य झाला हे कोण व कशावरून ठरविणार, या प्रश्नाकडे मात्र फारसे कोणी वळलेले दिसत नाही.

या विद्येची भारतातील पहिली शाळा मुंबईतच, के.ई.एम. रुग्णालयात, १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सुरू झाली. पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांना पुन्हा उभे करावयाचे, ही तेव्हाची निकड होती. ती निकड आता उरली नाही. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. पण भौतिकोपचारतज्ज्ञाचे काम कमी न होता वाढले आहे. पक्षाघाताचे रुग्ण, गुडघा वा खुबा बदललेले वृद्ध, रस्त्यावरील अपघातांत जायबंदी झालेले तरुण, अतिदक्षता विभागात छातीत कफ साठलेले आजारी, हे सारे आज त्याच्या हाती सोपविले जातात.

'हाती सोपविणे' हा शब्दप्रयोग येथे अक्षरशः खरा आहे. पक्षाघाताच्या रुग्णाचा खांदा पहिल्या काही आठवड्यांत सैल असतो. हाताच्या नुसत्या वजनानेदेखील तो सांध्यातून खाली ओढला जातो. अशा रुग्णास उठविताना कोणी त्या दुर्बल हाताला धरून खेचले, तर महिनोन् महिने न शमणारे दुखणे मागे लागू शकते. हे पुस्तकात लिहिलेले आहे आणि बहुतेक विद्यार्थ्यांना ते पाठही असते. तथापि रुग्ण तोल जाऊन कलंडू लागला की त्या क्षणी आपला हात कोठे जातो, हे पाठांतराने ठरत नाही. स्नायूंच्या बळाची प्रतवारी शून्यापासून पाचापर्यंत करतात. तिसऱ्या प्रतीचा स्नायू अवयवाचे स्वतःचे वजन उचलतो, चौथ्या प्रतीचा वरून दिलेला काहीसा विरोधही सोसतो. हा 'काहीसा' म्हणजे किती, हे कोणत्याही ग्रंथाला सांगता येत नाही. ते अनेक रुग्ण हाताळून तळहातालाच कळावे लागते. शिवाय दुबळा स्नायू लपवून शेजारच्या स्नायूकडून काम करवून घेण्याची शरीराची चोरवाट ओळखावयाची, ती वेगळीच.

आणि परीक्षा कशाची होते? लेखी उत्तरपत्रिका लिहावयाच्या, मग प्रात्यक्षिकाच्या दिवशी वाट्यास येईल त्या एका रुग्णाची तपासणी करून दोन परीक्षकांसमोर त्याची हकिगत इंग्रजीत सांगावयाची. एकाला साधा आखडलेला खांदा मिळतो, दुसऱ्याला गुंतागुंतीचा मज्जारज्जूचा आजार. आणि दोघांची तुलना त्याच शंभर गुणांत. परीक्षकांचा बराचसा वेळ प्रश्नोत्तरांत जातो. विद्यार्थ्याने रुग्णास खाटेवरून खुर्चीत कसे बसविले हे पाहावयास सवड उरते ती थोडी. अंतर्गत गुणांची कथा तर प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. आम्हीही काही वर्षे हाती खडू धरला आहे. वीसांपैकी सतरा-अठरा सर्वांना वाटून टाकले की कोणाचेही पालक भांडावयास येत नाहीत!

यावरील उपाय अज्ञात आहेत असे नाही. स्कॉटलंडमधील डंडी येथील रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ सालीच वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी निराळी पद्धत मांडली. विद्यार्थी ठराविक मिनिटांच्या अनेक टप्प्यांवरून फिरतो, प्रत्येक टप्प्यावर एक नेमके काम करून दाखवितो आणि परीक्षक आधी ठरविलेल्या तक्त्यावर गुण देतो. सर्वांना तीच कामे, तोच मापदंड. ही पद्धत आपल्याकडेही परिचित आहे. मात्र तिनेच सर्व साधेल असे आम्ही म्हणणार नाही. पाच मिनिटांत गुडघ्याचा कोन मोजून दाखविणे निराळे आणि रडकुंडीस आलेल्या वृद्धेला शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी उभे करणे निराळे. जॉर्ज मिलर यांनी १९९० साली हाच भेद चार पायऱ्यांत सांगितला होता: माहीत असणे, कसे करावयाचे ते माहीत असणे, करून दाखविणे, आणि प्रत्यक्ष व्यवहारात करणे. आपली परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांवर घोटाळते. चौथी पायरी परीक्षेच्या दालनात कधीच दिसावयाची नाही. ती रुग्णशय्येपाशीच दिसते आणि तीही एका दिवसात नव्हे.

येथेच ते वाढीव वर्ष उपयोगी पडावयास हवे. परंतु गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात आंतरवासीकडे एकामागून एक रुग्ण ढकलावयाचे, त्याने शेकाचे यंत्र लावून पुढच्याकडे वळावयाचे, आणि वर्षअखेरीस हजेरीपुस्तक पाहून प्रमाणपत्रावर सही करावयाची, असेच होणार असेल तर सहा महिन्यांचे बारा करून काय साधले? स्वस्त मनुष्यबळ तेवढे अधिक काळ मिळाले, इतकेच. ज्येष्ठ शिक्षकाने दर पंधरवड्यास निदान एकदा आंतरवासी प्रत्यक्ष उपचार करीत असता शेजारी उभे राहून पाहावे, काय चुकले ते तेथल्या तेथे सांगावे आणि लिहूनही ठेवावे. या नोंदींस अंतिम निर्णयात स्थान असावे, आणि अयोग्य ठरलेल्यास थांबविण्याचा अधिकारही असावा. रुग्णाचे मतही घेतले जावे. घरी करावयाचा व्यायाम आजीबाईंना त्यांच्या मराठीत समजला की नाही, हे इंग्रजी तोंडी परीक्षेवरून कसे कळणार? आणि समजला नसेल तर त्या उपचाराचा निम्मा भाग वाया गेलाच.

शिक्षक अपुरे आहेत, ही सबब पुढे केली जाईल. ती खोटी नाही. पण ज्या महाविद्यालयापाशी आंतरवासीच्या शेजारी उभा करावयास शिक्षक नाही आणि पुरेसे रुग्णही नाहीत, त्याला जागा वाढवून देताना हा हिशेब का आठवत नाही? नाशिकच्या आरोग्यविज्ञान विद्यापीठाने नव्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी आंतरवासितेपर्यंत पोहोचण्याआधी प्रत्येक महाविद्यालयाकडून लेखी मागवावे की हे वर्ष कोणत्या रुग्णालयात, कोणत्या विभागात आणि किती शिक्षकांच्या देखरेखीखाली पार पडणार. आणि ती उत्तरे प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत छापावीत.