गृहपाठ वहीतच हवा

ऑस्ट्रेलियाने 16 वर्षांखालील मुलांची समाजमाध्यमांवरील खाती बंद केल्यानंतर तशाच बंदीची मागणी आपल्याकडेही होत असली, तरी महाराष्ट्राने सुरुवात शाळांपासून करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे मुलाच्या हातातला मोबाइल बहुधा आईचा किंवा वडिलांचा असतो, खातेही त्यांच्याच नावावर. वयाची पडताळणी करणाऱ्या यंत्रणेला तिथे चाळिशीतली गृहिणी दिसेल. पाहणारा मात्र पाचवीतला मुलगा असेल. बंदी इथेच निष्प्रभ ठरते. आणि हा फोन त्याच्या हाती येतो कसा? अनेकदा शाळेमुळेच. संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर गृहपाठाचा फोटो येतो, तो उतरवून घ्यायला मूल फोन मागते. गणिते उतरवून झाली तरी फोन परत मिळत नाही, कारण बोट एव्हाना रील्सवर गेलेले असते. अभ्यासासाठी मागितलेला फोन आईने नाकारावा तरी कसा?

घरातला फोन ठरावीक वेळी बाजूला ठेवता येतो. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये संध्याकाळी सातचा भोंगा वाजताच टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद ठेवायला सुरुवात केली. नियम लहान-थोर सगळ्यांना सारखाच, म्हणून तो मुलांना पटवता येतो.

पण गृहपाठच फोनवर येत असेल, तर असा नियम घरात टिकणार कसा? म्हणून शालेय शिक्षण विभागाने नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी लेखी आदेश काढावा: गृहपाठ वर्गातच, फळ्यावरून वहीत उतरवून दिला जाईल, व्हॉट्सॲप गटावर फक्त पालकांसाठीच्या सूचना जातील.