म्हाताऱ्या कुत्र्यासाठी तिरकी फळी

भामरागडच्या कुत्र्याला सोफा ठाऊक नाही. तो अंगणात झोपतो, थंडीत चुलीजवळच्या राखेत. खाटेवर चढलाच तर ‘हाड्’ ऐकतो. पण नोकरीनिमित्त इथे आलेल्यांच्या क्वार्टरमध्ये आता पामेरियन असतो, नागपूर-पुण्याच्या फ्लॅटमध्ये तर डॅक्शुंड आणि लॅब्राडोर. त्यांच्यासाठी सोफ्याला टेकवायचे रॅम्प विकत मिळतात. माणसांच्या डॉक्टरने यात का पडावं? शेजारच्या हेमलकशाला 1973 पासून लोकबिरादरी प्रकल्प आहे. माणसांचा दवाखाना आणि अनाथ वन्यप्राण्यांचा सांभाळ तिथे जवळजवळ चालतो, त्यामुळे आमच्याकडे असा प्रश्न कुणी विचारत नाही.

रॅम्प विकणारे सांगतात, उड्या मारून कुत्र्याचा मणका जातो. हे इतकं सरळ नाही. डॅक्शुंडसारख्या आखूड पायांच्या जातींत मणक्यांमधली गादी लवकर कडक होऊन सरकते आणि मागचे पाय लुळे पडू शकतात. त्यामागचा जनुकीय बदल 2017 साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी शोधला. म्हणजे दोष मुळात सोफ्याचा नाही. ब्रिटनमध्ये 2015 साली झालेल्या डॅक्शुंडच्या पाहणीत तर उड्या मारू न दिलेल्या आणि कमी फिरणाऱ्या कुत्र्यांतच हा आजार जास्त दिसला. अर्थात, आजार झाल्यावर मालकांनी उड्या बंद केल्या असतील, हेही शक्य आहे. तरी तरुण, धडधाकट कुत्र्याला रॅम्प देण्यापेक्षा रोज फिरवून आणा आणि वजन आटोक्यात ठेवा.

रॅम्प हवा तो ज्याचं आधीच दुखतंय त्याला. म्हातारा कुत्रा सोफ्यापुढे थबकतो, पुढचे दोन पाय वर ठेवून तुमच्याकडे बघतो, सकाळी उठताना अवघडतो. याला आपण वय म्हणून सोडून देतो. बहुतेकदा ती संधिवाताची वेदना असते. खाली उडी मारताना सगळा भार पुढच्या पायांवर येतो, म्हणून चढण्याइतकंच उतरणंही त्याला जड जातं.

इथेच माझा संबंध येतो. दुखऱ्या कुत्र्याला पोटाखाली हात घालून उचललं की तो चावतो, ज्याच्या हातचं खातो त्यालाच. असे लोक सरकारी रुग्णालयात उशिरा येतात, कारण ‘घरचाच आहे’. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुत्र्याला लस दिलेली असली तरी तुम्हाला लस लागेल की नाही, ते डॉक्टरांना ठरवू द्या. रेबीज झाल्यावर उपाय नाही.

आणखी एक. आपल्या डब्यातली आयब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी त्याला देऊ नका. त्याने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

रॅम्प घरीच होतो. उंचीच्या तिप्पट लांबी धरा: पंचेचाळीस सेंटिमीटर उंच सोफ्याला साडेचार फूट फळी. (चाकाच्या खुर्चीला हाच हिशेब बारापट लागतो. किती सरकारी इमारतींचे रॅम्प त्यात बसतात, ते एकदा टेप लावून पाहावं.) आमच्याकडे बांबू भरपूर, पण नुसता बांबू गुळगुळीत. त्यावर गोणपाट घट्ट ताणून ठोका, आडव्या पट्ट्या मारा. खालचं टोक फरशीवर सरकू नये म्हणून रबर लावा. फळी हलली, की कुत्रा पुन्हा त्यावर पाय ठेवत नाही.

पहिले दोन-तीन दिवस फळी जमिनीवर सपाट ठेवा आणि त्याला भाकरीच्या तुकड्यामागे चालू द्या. मग एक टोक विटेवर, मग दोन विटांवर, शेवटी सोफ्यावर. ओढू नका. मागचे पाय एकदम लटपटू लागले किंवा लघवी अडली, तर मात्र फळीचा विचार सोडून तासाभरात पशुवैद्यक गाठायचा. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावर पाणी असलं, तर निदान फोनवर.