कामाचे गुण मोजायचे कुणी?



पेणहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना वळण लागावं म्हणून त्यांनी फ्रीजवर ‘गुणांचा तक्ता’ चिकटवला. अंथरुणाची घडी घातली की २ गुण, पानं मांडली की ३, कोपऱ्यावरून दूध आणलं की ५. महिनाअखेर ज्याचे गुण जास्त, त्याला त्याच्या आवडीची वस्तू. पहिले पंधरा दिवस घर कसं आरशासारखं लखलखीत! पण पुढे धाकटे चिरंजीव “किती गुण?” असं विचारल्याशिवाय पाण्याचा पेलासुद्धा हलवीनात. आणि बारा वर्षांची थोरली, जी रोज रात्री आजीला औषध देते, तिचे पाय चेपते, ती कायम मागे. कारण आजीचे पाय चेपायला तक्त्यात रकानाच नाही! परवा तिनं विचारलं, “आई, आजीचं केलेलं मोजत नाहीत का गं?” बाईंना काही उत्तर सुचेना.

बाई, तुम्ही एकट्या नाही. घरोघरी मातीच्या चुली! तुमच्या पत्रात प्रश्न दोन आहेत. बक्षिसानं कामाची गोडी वाढते की आटते, हा एक. आणि न्याय कशाला म्हणायचं, हा दुसरा.

आधी गोडीचं बघू. अमेरिकेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तिघा मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. तो १९७३ साली प्रसिद्ध झाला. मुलं मुळातच चित्रं काढायची हौस असलेली. त्यातल्या काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर फीत लावलेलं छानसं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता, चित्र झाल्यावर अचानक ते दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत पाहिलं, तर आमिष दाखवलेली मुलं इतरांच्या निम्मा वेळच चित्रं काढत होती. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं, त्यांची हौस मात्र शाबूत. म्हणजे बक्षीस वाईट नव्हे, आधी ठरवलेला सौदा वाईट. आणि तोसुद्धा मूल जे आपण होऊन करतं त्याच्यावर लावलेला!

आता न्यायाचं. त्यासाठी अमेरिकेला जायला नको. तुमच्याच पेण तालुक्यात गागोदे बुद्रुक आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे तिथे जन्मले. त्यांच्या आईच्या, रखुमाईच्या, दोन आठवणी ते नेहमी सांगत. मला तर त्या प्रत्येक आईनं पदराला गाठ मारून ठेवाव्यात अशा वाटतात.

रखुमाईंनी देवाला एक लाख तांदूळ वाहायचा संकल्प केला होता. रोज एकेक दाणा मोजून वाहायच्या. वडील हिशेबी. ते म्हणाले, एवढा खटाटोप कशाला? तोळाभर तांदळाचे दाणे मोज, लाखाला किती तोळे लागतील ते काढ, कमी पडायला नको म्हणून अर्धा तोळा जास्त घाल, झालं! माउलीला उत्तर देता येईना. संध्याकाळी तिनं लेकाला विचारलं. लेक म्हणाला, हे नुसतं गणित नाही. एकेका दाण्याबरोबर मन देवाशी जातं, म्हणून मोजायचं.

बघा, मोजण्यात वाईट काहीच नाही. मोजताना मन कामाशी जातं की बक्षिसाशी, एवढाच प्रश्न.

दुसरी आठवण भेदभावाची. त्यांच्या घरी एक गरीब विद्यार्थी राहत असे. त्याला रखुमाई नेहमी ताजं, गरम वाढायच्या. उरलंसुरलं शिळं स्वतः खायच्या आणि जास्त असलं तर विनोबांच्या पानात घालायच्या. एकदा लेकानं टोकलं, सगळ्यांना सारखं वागवावं म्हणतेस आणि तूच भेद करतेस! त्या रागावल्या नाहीत, सारवासारवही केली नाही. म्हणाल्या, खरं आहे तुझं. तू मला अजून माझा मुलगा दिसतोस आणि तो अतिथीच्या रूपातला देव. तुझ्यातही देव दिसायला लागला की हा भेद जाईल.

‘आपला तो बाब्या’ म्हणणाऱ्या जगात ही आई उलटा भेद करते, आणि विचारल्यावर तो कबूलही करते! पेणच्या बाई, लेकीला द्यायचं उत्तर हेच. “तुझं बरोबर आहे. माझ्या तक्त्यात चूक राहिली. आजीचं करणं मला दिसत होतं, पण मी ते लिहिलं नाही.” एवढं ऐकलं की तिला गुणांची निम्मी गरज उरायची नाही. तिला वस्तू नको होती, तिचं केलेलं आईला दिसायला हवं होतं.

तक्ता लावायचाच असेल, तर चार गोष्टी सांभाळा.

एक, गुण फक्त नव्या किंवा कंटाळवाण्या कामाला. जे मूल मायेनं किंवा हौसेनं करतं, त्याला भाव लावू नका. त्याचं कौतुक करा, तेही अवचित.

दोन, भावंडांची आपसांत शर्यत नको. आठ वर्षांचा आणि बारा वर्षांची यांना एक तराजू कसा चालेल? प्रत्येकाची तुलना त्याच्याच मागल्या आठवड्याशी करा. सगळ्यांचे गुण एकत्र धरून सहल काढलीत तर उत्तमच.

तीन, कामं पाळीपाळीनं फिरवा. ५ गुणांचं दूध कायम मुलाकडे आणि बिनगुणांचं आजीचं औषध कायम मुलीकडे, असं नको. रात्री जेवताना प्रत्येकानं दुसऱ्यानं केलेली एक गोष्ट सांगायची. त्याला गुण नाहीत, पण काही नजरेतून निसटणारही नाही.

चार, तक्ता उतरवायचा दिवस आधीच ठरवा. सवय लागली की कागद काढून टाका. तक्ता म्हणजे चालायला शिकताना दिलेला पांगुळगाडा; जन्मभर का तो धरून चालायचं?

जाता जाता आपल्याही घरकामाचा हिशेब सांगते. २०१९ सालच्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटं, आणि असे पुरुष शंभरात जेमतेम २६! या कामाला ना रकाना ना गुण. तेव्हा पुढचा तक्ता आखाल तेव्हा मुलांच्या नावांखाली आणखी दोन नावं लिहा, तुमचं आणि यजमानांचं. गुण नकोत, नुसत्या खुणा करा. आठवडाभरानं तो कागद मुलांनाच मोठ्यानं वाचायला सांगा. बोलायचं काही नाही. मुलांना मोजता येतं!