फिकट वऱ्हाड

लग्नपत्रिकेत मनापासून वाचावा असा मजकूर पूर्वी एकच असे. अगदी तळाशी, घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या नावानं छापलेलं 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' वरचं सगळं आपण गृहीतच धरतो. पुढे त्या ओळीच्या शेजारी 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ आली. तिचं स्वागत करणाऱ्यांत मी पहिला होतो, कारण सहा-सहा लिंबूसरबताचे पेले घरी सांभाळण्याचा मलाही कंटाळा आला होता. आता तिच्याखाली तिसरी ओळ आली आहे, आणि माझं भांडण आहे ते हिच्याशी. ही ओळ म्हणते, या, पण अमुक रंगात या.

गेल्या वैशाखात जळगावच्या एका लग्नाचं असं फर्मान आमच्या फोनवर येऊन थडकलं. हळदीला लेमन. सीमांतपूजनाला सेज ग्रीन. लग्नाला आयव्हरी, पीच आणि पावडर ब्लू. स्वागत समारंभाला मोव्ह. सोबत रंगांचे चौकोनी तुकडे. दंतवैद्य कवळी करण्याआधी दातांच्या छटा दाखवतो ना, तसे. आणि खाली ठळक अक्षरांत: 'लाल, गडद हिरवा, जांभळा व डाळिंबी कृपया टाळावेत.' आता बघा, कुंकू लाल, चुडा हिरवा, मामानं दिलेली अष्टपुत्री पिवळीजर्द. एवढं टाळल्यावर मांडवात उरतो कोण? भटजी. तेही सोवळं लाल नेसून आले असते तर त्यांचीही धडगत नव्हती.

या रंगांना 'पॅलेट' म्हणतात असं भाचीनं मला सांगितलं. असेल. पण सेज ग्रीन म्हणजे काय हे आमच्या घरात कोणालाच सांगता येईना. शेवाळी म्हटलं तर ते जास्त गडद, पिस्ता म्हटलं तर फार गोड. ज्या भाषेत आमसुली, अंजिरी, मोतिया, अबोली, गुलबक्षी, विटकरी, कुसुंबी, मोरपंखी आणि चिंतामणी हे रंग बायका भाजी निवडता निवडता वेगळे काढतात, त्या भाषेतल्या माणसांना कोण्या परदेशी पाल्याचा हिरवा समजत नाही म्हणून अडाणी ठरवायचं! पैठणीच्या विणकरांनी तर रंगसंगतीलाच नावं दिली. राघू म्हटलं की पोपटी, शिरोदक म्हटलं की पांढरीशुभ्र, काळीचंद्रकळा म्हटलं की काळ्या अंगाला लाल काठ. त्यात कोणी कोणाला टाळावं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता पुरुषांनी या विषयात बोलू नये असं आमच्या सौभाग्यवतींचं मत आहे. पण मी या विषयात अगदीच पायदळ नाही. मॅचिंग सेंटरच्या फळीशी मी आयुष्याची काही वर्षं काढलेली आहेत. हातात साडीचा पदर, समोर ब्लाउजपीसांचे पाचशे गठ्ठे, आणि आत बायकांची अशी गर्दी की पंढरीच्या दर्शनबारीत अधिक हवा खेळावी. तिथला दुकानदार कापड फाडण्याआधी एक वाक्य हमखास म्हणायचा: "साहेब, बाहेर उजेडात नेऊन बघा." त्या वाक्यात सगळं रंगशास्त्र आहे. नळीच्या दिव्याखाली जुळी भावंडं वाटलेली दोन कापडं उन्हात नेली की सावत्र निघतात, कारण दोघांचे मूळ रंग वेगळे आणि दोन्ही उजेडही वेगळे. मग फोनच्या काचेवरचा हिरवा घेऊन माणसं पुण्यात, नाशकात आणि भुसावळला खरेदीला गेली तर काय होणार? व्हायचं तेच झालं. सीमांतपूजनाला सेज ग्रीनचे चाळीस अवतार एकत्र आले. एक दुधी, एक पडवळ, एक कोबी, दोन-तीन शिळ्या मेथी, आणि मुलाच्या मावशी तर साक्षात कारलं. संध्याकाळच्या भाजीबाजाराची ती शोभा बघून कोणीतरी हळूच भाव विचारला. तो मी नव्हतो.

या फर्मानाच्या बाजूनं एक शहाणं कारण दिलं जातं, ते म्हणजे ऊन. उन्हाळ्यात फिकट रंग थंड पडतात, गडद रंग तापतात. पत्र्याच्या बाबतीत हे सोळा आणे खरं. पण माणूस पत्रा नव्हे. वाळवंटातले बेदूइन लोक काळे पायघोळ झगे घालून उन्हात वावरतात, याचं काही शास्त्रज्ञांना कोडं पडलं. त्यांनी काळा आणि पांढरा असे दोन्ही झगे एका माणसाला आळीपाळीनं घालून भर उन्हात उभं केलं आणि मोजमाप घेतलं. १९८० साली 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष छापून आला. काळं कापड जास्त तापतं खरं, पण झगा सैल असल्यानं ती जादा उष्णता अंगापर्यंत पोचण्याआधीच वाऱ्यावर निघून जाते. माणसाला दोन्ही झगे सारखेच. म्हणजे खरा प्रश्न कापड कोणतं आणि किती सैल हा. आमच्याकडे तो कोणी विचारलाच नाही. पीच हवा म्हणून पीच घेतला, आणि बाजारात त्या छटेत मिळाली ती गुळगुळीत कृत्रिम धाग्याची साडी, जी घामाचा एक थेंब पीत नाही. वैशाखातलं जळगाव! पारा बेचाळीसच्या वर चढलेला, मुहूर्त दुपारचा, आणि डोळ्यांना थंडावा देणाऱ्या रंगांत वऱ्हाड आतून वाफेवर शिजत होतं. पलीकडच्या बाकावर सुती नऊवारीतल्या गडद जांभळ्या आजीबाई तेवढ्या टवटवीत होत्या. त्यांच्याकडे म्हणे स्मार्ट फोन नव्हता.

आणि हे मोव्ह! या मोव्हचं कूळ मी मुद्दाम शोधून काढलं. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा हिवतापावरचं क्विनाइन प्रयोगशाळेत बनवू पाहत होता. क्विनाइन काही झालं नाही. भांड्यात उरला जांभळट चिकटा. तोच डांबरापासून काढलेला पहिला मोठा कृत्रिम रंग. दोन वर्षांनी राणी व्हिक्टोरिया लेकीच्या लग्नात त्याच रंगाचा पोशाख करून गेली आणि सगळ्या विलायतेला त्याचं वेड लागलं. म्हणजे मोव्ह मुळात नवरीच्या आईनं मिरवायचा झगझगीत जांभळा! नवरीनं पांढरं नेसायची टूमही याच बाईंची, १८४० सालच्या स्वतःच्या लग्नातली. बाईंचं राज्य १९४७ साली आपण सोडवून घेतलं, कपाटं तेवढी सोडवायची राहिली.

आमची हळद मात्र कोणाच्या फर्मानाला भीक घालत नाही. लेमनवाल्या मंडळींच्या अंगावर ती सांडली आणि तिनं आपला पिवळा वर चढवून दाखवला. रात्री त्यांनी साबणानं डाग घासला, तर तो लाल झाला. होणारच! हळदीत क्षार पडला की ती लाल होते, जुनं कुंकू याच युक्तीनं करत असत. चिडून त्यांनी ते कपडे उन्हात टाकले तेव्हा कुठे ती फिकी पडली, कारण ऊन हा तिचा एकमेव शत्रू.

इथवर गंमत. पण त्या फर्मानानं माझ्या आत्याचं काय केलं ते सांगतो. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिच्याकडे लग्नकार्याचं वस्त्र एकच, १९६८ साली तिच्या लग्नाच्या बस्त्यात माझ्या आजोबांनी घेतलेला डाळिंबी शालू. त्यासाठी आजोबांनी कर्ज काढलं होतं आणि ते तीन वर्षं फेडलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. घरातल्या झाडून सगळ्या लग्नांत ती त्याच शालूत उभी आहे. फर्मान आल्यावर तिचा मला फोन. "अरे, मी आले नाही तर चालेल का रे? त्यांच्या रंगातलं माझ्याकडे काही नाही. एका दिवसासाठी नवीन घ्यायचं म्हणजे..." पुढचं ती बोलली नाही. पेन्शनीतल्या माणसाला पुढचं बोलावं लागत नाही. मी म्हटलं, शालूच नेस. ती नेसली, नाकात नथ घातली, आणि अक्षता टाकायला सगळ्यांच्या पुढे उभी राहिली. फोटोच्या वेळी कानात यंत्र खुपसलेला एक मुलगा आला आणि अदबीनं म्हणाला, "आजी, तुम्ही जरा कडेला येता का? फ्रेम हेवी होतेय." ती लगेच सरकली. कुणाची गैरसोय होऊ नये ही तिची जन्माची सवय. अल्बम आला तेव्हा त्या कौटुंबिक फोटोत उजवीकडच्या टोकाला फक्त एक डाळिंबी काठ दिसत होता, चार बोटांचा.

मुलीची हौस आहे, एकच दिवस आहे, असं मला समजावण्यात आलं. कबूल. तिनं स्वतःसाठी हवा तो रंग निवडावा. मांडव, फुलं, रुखवताचं टेबल, नवऱ्याच्या उपरण्याचे काठ, सगळं मोव्ह करावं; नवराही मोव्ह पडला तर आमची हरकत नाही. पण पाहुण्याच्या ट्रंकेत हात घालू नये. पाहुणा म्हणजे पडदा नव्हे. तो त्याच्या घरून, त्याच्या ऐपतीचं, त्याच्या आठवणीचं जे सगळ्यांत चांगलं आहे ते नेसून आपल्या दारात येतो, आणि त्याचा आहेर तोच असतो. 'आहेर आणू नये' म्हणणाऱ्यांनी तो तेवढा घ्यायला काय हरकत आहे?

येत्या वैशाखात आमच्याच घरात पुतणीचं कार्य आहे. परवा मांडववाल्याचा माणूस पॅलेट विचारायला आला. पुतणीनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी त्याला सांगितलं, लिहून घे: डाळिंबी, आमसुली, चिंतामणी, गुलबक्षी, अंजिरी, कुसुंबी, राघू, आणि ज्याच्याकडे जो असेल तो. तो म्हणाला, "काका, यांचे कोड नंबर द्या ना." मी म्हटलं, नंबर नाहीत बाबा. उद्या सकाळी आत्याकडे ये, तिची ट्रंक उघडू, आणि एकेक साडी बाहेर उजेडात नेऊन बघू.