थंड डोक्याचें यंत्र

लहान कचेरीसाठीं संगणक घ्यावयाचा झाल्यास तो कोणता घ्यावा, असा प्रश्न पालकमंडळी आम्हांस वारंवार विचारतात. कोणाची राईस मिल असते, कोणाचें खताचें दुकान असतें, कोणी सहकारी संस्थेचा हिशेब पाहतो. विचारणाऱ्याबरोबर बहुधा त्याचा मुलगा असतो, आणि मुलाचें उत्तर आधींच ठरलेलें असतें: सर्वांत वेगवान असेल तो घ्यावा! आमचें मत याच्या उलट आहे. नागभीडसारख्या ठिकाणीं लहान कचेरीनें प्रथम थंड चालणारा, मग आवाज न करणारा, आणि कामापुरता वेगवान असा प्रोसेसर निवडावा, असें आम्हांस वाटतें.

गेल्या उन्हाळ्यांतील गोष्ट. कांहीं कामानिमित्त आम्ही येथील एका लहान कचेरींत बसलों होतों. जंगलाकडच्या गांवाहून आलेली एक बाई मुलीच्या प्रवेशाचा अर्ज भरून घेण्यासाठीं तेथें उभी होती. मुदतीचा तो शेवटचा दिवस. दुपारीं दोनच्या सुमारास संगणक एकाएकी बंद पडला. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद पडला. असें तीनदां झालें. अर्ज सायंकाळीं उशिरां कसाबसा गेला. परंतु त्या बाईची शेवटची बस चुकली. दुसरे दिवशीं पेटी उघडून पाहतात तों पंखा धुळीनें व धानाच्या कोंड्यानें लिंपून गेलेला, आणि आंत प्रोसेसर मोठमोठे खेळ खेळणाऱ्यांसाठीं बनविलेला! यंत्र नादुरुस्त नव्हतें. तें येथल्या हवेसाठीं व त्या कामासाठीं निवडलेलें नव्हतें, इतकेंच.

असें कां व्हावें, हें विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावें. प्रोसेसर जितकी वीज घेतो तितकी सर्व शेवटीं उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. ती बाहेर टाकण्यासाठीं त्यावर धातूच्या पातळ पट्ट्या व पंखा बसविलेला असतो. परंतु पंखा कितीहि जोरानें फिरला तरी प्रोसेसरास खोलींतील हवेहून थंड करूं शकत नाहीं. समजा, एखादा प्रोसेसर कामाच्या भरांत भोंवतालच्या हवेपेक्षां ४० अंशांनीं अधिक तापतो. खोलींत २५ अंश असतांना तो ६५ अंशांवर राहील. पण चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यांत बाहेरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि बंद खोलींत ४२ अंश असले तर तोच प्रोसेसर ८२ अंशांवर जाईल. त्यांत धुळीनें वाट बुजली कीं शंभरी गांठण्यास वेळ लागत नाहीं. बहुतेक प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोहोंचले कीं स्वतःस वांचविण्यासाठीं वेग कमी करितात, आणि त्यानेंहि न भागल्यास यंत्र बंद होतें. म्हणजे वेगासाठीं दिलेले जादा पैसे ऐन गरजेच्या दिवशीं वायां जातात.

हा धडा कारखानदारांनाहि शिकावा लागला आहे. इंटेल कंपनीचा ४००४ हा १९७१ सालचा प्रोसेसर अवघ्या २,३०० ट्रान्झिस्टरांचा होता. पुढें तीस वर्षें वेग वाढवीत नेण्याची जणूं शर्यतच लागली. वेग वाढवावयाचा तर बहुधा विजेचा दाबहि वाढवावा लागतो, आणि विजेचा खर्च दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणून शेवटचा थोडासा वेग सर्वांत महाग पडतो. पेंटियम ४ च्या पुढच्या आवृत्त्या इतक्या तापूं लागल्या कीं २००४ सालीं त्या कंपनीनें त्याच वाटेवरील आपला पुढचा बेत सोडून दिला, आणि २००६ पासून कमी विजेंत अधिक काम करणाऱ्या ‘कोअर’ मालिकेचा मार्ग धरला. जी गोष्ट एवढ्या मोठ्या कंपनीस मान्य करावी लागली ती आमच्या कचेऱ्यांनीं मान्य करण्यांत कमीपणा कसला?

आतां आंकडे पाहूं. २०२३ च्या आरंभीं निघालेल्या इंटेल एन१०० या चार गाभ्यांच्या प्रोसेसरासाठीं कारखान्यानें दिलेला आंकडा ६ वॅट आहे. नांवापुढें ‘टी’ अक्षर असलेले इंटेलचे मेजावरील संगणकांचे प्रोसेसर सामान्यतः ३५ वॅटांचे असतात. पुष्कळ साधे प्रोसेसर ६५ वॅटांचे. उलट, २०२३ चाच आय९-१४९००के हा मूळ १२५ वॅटांचा असून पूर्ण भरांत २५३ वॅटांपर्यंत जातो. हे आंकडे म्हणजे विजेचें बिल नव्हे. एन१०० सुद्धां भर आल्यावर सहा वॅटांहून अधिक घेतो. परंतु तुलनेस ते पुरेसे आहेत. पत्रें टंकणें, हिशेब ठेवणें, अर्ज भरणें, पावत्या छापणें एवढ्याच कामास अडीचशे वॅटांचा प्रोसेसर म्हणजे नाकापेक्षां मोती जड.

विजेचाहि विचार करावा. समजा, चार संगणकांच्या कचेरींत प्रत्येक यंत्रामागें ६० वॅट वांचले. दिवसास आठ तास व वर्षास ३०० दिवस धरल्यास ५७६ युनिटें वांचतात. वीज गेल्यावर फरक अधिकच कळतो. इन्व्हर्टरच्या बॅटरींतून १,२०० वॅट-तास मिळत असतील, तर ९० वॅटांचीं चार यंत्रें सव्वातीन तास चालतील; ३० वॅटांचीं चार यंत्रें दहा तास. (पडद्यांचा खर्च येथें धरलेला नाहीं.) आपल्या जिल्ह्यांतील महाऔष्णिक विद्युत् केंद्र २,९२० मेगॅवॅटांचें आहे, त्याच्या कोळशाची राख आणि धूर आपल्याच जिल्ह्याच्या वांट्यास येतात. वांचविलेल्या युनिटाची किंमत चंद्रपूरकरांनीं तरी केवळ रुपयांत मोजूं नये.

येथें कोणी म्हणेल, उन्हाळ्यांत कूलरच इतका गरजतो कीं संगणकाच्या पंख्याचा आवाज ऐकूं येतो कोणास? हा आक्षेप खरा आहे. पण कूलर तीन-चार महिने चालतो. उरलेले दिवस त्या खोलींत कारकुनानें आंकडे जुळवावयाचे असतात आणि दबक्या आवाजांत बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचें म्हणणें ऐकावयाचें असतें. शिवाय सतत जोरानें फिरणारा पंखा तितकीच अधिक धूळ आंत ओढतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, हें यंत्रांसहि लागू पडतें.

दुसरा आक्षेप असा कीं, थंड यंत्र मंद निघालें तर? तोहि रास्त आहे. निव्वळ स्वस्त म्हणून अगदीं दुबळा प्रोसेसर घेणें ही काटकसर नव्हे. म्हणून आमची सूचना अशी: साध्या कामास एन१०० सारखा, आणि एकाच वेळीं पुष्कळ कामें उघडीं ठेवावीं लागत असल्यास ३५ वॅटांचा प्रोसेसर घ्यावा. वांचलेल्या पैशांत ८ किंवा १६ जीबी स्मृति आणि एसएसडी घ्यावी. एसएसडींत फिरणारा भाग नसल्यामुळें ती मूकहि असते व जलदहि. जुनें यंत्र घेतांना तें विंडोज ११ साठीं चालतें काय हें विचारावें, कारण विंडोज १० चा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. पेटी भिंतीस चिकटवून ठेवूं नये, कूलरची ओली हवा थेट तीवर घेऊं नये, आणि मळणीचा हंगाम उलगडल्यावर धूळ अवश्य काढावी.

विद्यार्थीमित्रहो, वडील तुमच्या ज्ञानावर विश्वास ठेवून हा प्रश्न तुम्हांस विचारतात. उत्तर देतांना आपल्या हौसेचें माप त्यांच्या कचेरीस लावूं नका. बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्चाचा हिशेब करावा, असें प्रभूनें शिकविलें आहे. त्या हिशेबांत यंत्राची किंमत मांडाच. पण मे महिन्यांतील दुपार, गेलेली वीज, आणि दाराशीं कागद घेऊन उभी असलेली ती बाई, हींहि मांडा.