शंख घ्यायचा तर आत बोट घालून



दक्षिणावर्ती शंख देव्हाऱ्यात ठेवला की घरात बरकत येते, असे म्हणतात. श्रद्धा ज्याची त्याची, त्यात मी पडत नाही. पण त्या नावावर कष्टाचे हजारो रुपये मोजण्याआधी शंखाची ओळख करून घ्यावी.

शंख हे समुद्रातल्या एका गोगलगायीचे घर. तमिळनाडूत तुतिकोरीन-रामेश्वरमजवळ मन्नारच्या आखातात, वाळूच्या तळावर ती राहते आणि वाळूतले गांडुळासारखे किडे खाते. पाणबुडे बुडी मारून ती वर काढतात. तेव्हा शंख पांढराशुभ्र नसतो. त्यावर तपकिरी साल असते. ती काढली की आतला जाडजूड, दगडासारखा वजनदार शंख दिसतो. बंगालातल्या सवाष्णींच्या पांढऱ्या बांगड्या ह्याच शंखाच्या चकत्यांच्या.

आता वळणाचे पाहू. २०२२ च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीनचे कोवळे कोंब फस्त करणारी शंखी गोगलगाय आठवते ना? तिचे रिकामे कवच शेंडा खाली आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड डाव्या हाताला येईल. देवघरातला नेहमीचा शंखही तसाच. क्वचित एखादा शंख जन्मतःच उलट्या वळणाने वाढतो आणि त्याचे तोंड उजव्या हाताला येते. तोच दक्षिणावर्ती. जात मात्र तीच.

गोम पुढेच आहे. अमेरिकेच्या किनाऱ्याला, मेक्सिकोच्या आखातात, एका निराळ्याच गोगलगायीचे कवच एरवीच उजवीकडे उघडते. तिकडे त्याचे अप्रूप नाही. टेक्सास राज्याने १९८७ साली तिला आपले राज्य-कवच ठरवले आहे. तेच कवच घासूनपुसून पांढरे करून आपल्याकडे दक्षिणावर्ती म्हणून खपवतात.

ओळखायचे कसे? तोंडातून आत, मधल्या खांबावर बोट फिरवा. खऱ्या शंखाला तिथे तीन-चार ठसठशीत कंगोरे हाताला लागतात. अमेरिकेच्या कवचाचा खांब गुळगुळीत असतो, कवचही पातळ आणि हलके. कंगोरे नसतील तर व्यवहार तिथेच थांबवा. विक्रेता कानाशी धरून समुद्राची गाज ऐकवील. घरचा रिकामा तांब्या कानाला लावून पाहा, तीच गाज येते!

कंगोरे आहेत पण तोंड डावीकडे, तर तो रोजचा शंख. शेंडा कापलेला असला तर आरतीला फुंकताही येतो.