मोकळा भूखंड मोकळा राहत नाही

नालासोपारा पूर्वेच्या आचोळ्यात समाजगृह बांधावे असे कुणी म्हटले की आक्षेप ठरलेल्या क्रमाने येतात. आधी पाणी द्या, रस्ते नीट करा. हॉलच हवा असेल तर खासगी आहेत. बांधलेली समाजमंदिरे कुलपात पडून आहेत, त्यांत आणखी एकाची भर कशाला? शेवटचा आक्षेप चारचौघांत कुणी बोलत नाही, जिन्यात मात्र हमखास ऐकू येतो : अर्धी वस्ती अनधिकृत, तिच्यावर कर भरणाऱ्यांचा पैसा का खर्चायचा? यांतला एकही आक्षेप रिकामटेकड्यांचा नाही. टँकरची वाट पाहणारी, पावसाळ्यात आचोळे रोडवरच्या गुडघाभर पाण्यातून स्टेशन गाठणारी माणसे हे बोलतात. त्यांना नीट उत्तर मिळायला हवे.

पाण्यापासून सुरुवात करू. वसई-विरारच्या पाण्याचा प्रश्न सूर्या योजनेसारख्या कामांनी सुटतो. एमएमआरडीएची ही योजना तेराशे कोटींच्या घरातली, आणि त्यात आपल्या शहराचा वाटा रोज 185 दशलक्ष लिटरचा. ते पाणी घरोघर पोचवायला जलकुंभ आणि वाहिन्या लागतात, त्यांचा निधी वेगळा आणि मंजुऱ्याही वेगळ्या. समाजगृहाचे दीड-दोन कोटी वाचवले म्हणून एकाही नळाला जास्त पाणी येणार नाही. गेली अनेक वर्षे आचोळ्यात समाजगृहावर कुणी उधळपट्टी केलेली नाही. पाण्याची ओरड तरीही आहेच. ‘आधी हे, मग ते’ असे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे की ‘ते’ न केल्यामुळे ‘हे’ झालेले नाही.

पण या आक्षेपातली खरी चूक पैशाच्या हिशेबात नाही, जमिनीच्या हिशेबात आहे. समाजगृह थांबू शकते, त्याची जागा थांबत नाही. वसई-विरार उपप्रदेशाचा विकास आराखडा सिडकोने तयार केला आणि शासनाने तो 2007 साली मंजूर केला. शाळा, दवाखाना, उद्यान, बाजार असल्या सोयींसाठी भूखंड राखून ठेवणे हे अशा आराखड्याचे काम. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 नुसार आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत ती जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या 24 महिन्यांत संपादनाचे पाऊल पडले नाही तर आरक्षण आपोआप संपते. आपली दहा वर्षे 2017 मध्येच संपली आहेत. म्हणजे ‘सध्या पैसे नाहीत, पुढे बघू’ हे उत्तर ऐकायला शहाणपणाचे वाटले, तरी कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ जागा सोडून देणे असाच होऊ शकतो.

ही झाली कागदावरची गोष्ट. कागदाबाहेर काय होते हे आचोळ्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल. सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी आराखड्यात राखलेल्या अग्रवाल नगरी, वसंत नगरी परिसरातल्या जमिनीवर 41 इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या पाडायला नोव्हेंबर 2024 मध्ये सुरुवात झाली, आणि जानेवारी-फेब्रुवारी 2025 मध्ये उरलेल्या 34 जमीनदोस्त झाल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली, तीही दहावी-बारावीच्या परीक्षांच्या तोंडावर. सार्वजनिक सोय वेळेवर न उभारण्याची किंमत ही अशी असते, आणि ती कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. मोकळा भूखंड या शहरात मोकळा राहत नाही. त्यावर पालिकेची इमारत उभी राहिली आणि तिच्यात रोज माणसे ये-जा करू लागली, तर तिच्याइतके भक्कम कुंपण दुसरे नाही. बांधकामाचा खर्च मोजणाऱ्याने न बांधण्याचा खर्चही मोजावा.

दुसरा आक्षेप खासगी हॉलचा. लग्नासाठी हॉल आहेत, लॉन आहेत, हे खरे. पण समाजगृह लग्नासाठीच लागते हे कुणी ठरवले? बारसे, साखरपुडा, तेरावे, सोसायटीची वार्षिक सभा, बचत गटाची बैठक, लसीकरण, भजनी मंडळाचा सराव, नाटकाची तालीम, दहावीच्या मुलांचा अभ्यास यांना हजार माणसांचा हॉल परवडत नाही आणि लागतही नाही. मग हे सगळे गच्चीवर होते, जिन्याखाली होते, नाहीतर भर रस्त्यात मांडव घालून होते. रस्त्यातल्या मांडवामुळे रुग्णवाहिका अडकली की आपण मांडव घालणाऱ्याला शिव्या देतो. त्याने तो कुठे घालायचा होता, हे विचारत नाही.

आचोळ्यात, एकूणच नालासोपारा पूर्वेत, कोण राहायला आले ते आठवून पाहा. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, परळ-लालबागच्या चाळींत संसार मावेनासे झाले, आणि गिरणगावातली कुटुंबे पश्चिम रेल्वेच्या टोकाकडे सरकली. येताना त्यांनी भांडीकुंडी आणली. चाळीची गॅलरी आणि अंगण आणता आले नाही. परळचे दामोदर सभागृहही मागेच राहिले. ना. म. जोशी यांनी 1911 साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे ते सभागृह 1922 पासून कामगारांच्या नाटकांना जागा देत आले होते. कामगार कल्याण केंद्रेही तिकडेच राहिली. 1953 च्या कायद्याने कामगार आणि मालक यांच्या वर्गणीतून कामगार कल्याण मंडळ चालते, आणि त्याच्या केंद्रांत शिवणवर्गापासून नाट्यस्पर्धांच्या तालमींपर्यंत सगळे होत असे. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे राहू शकली, कारण खोलीबाहेर बसा-उठायला हक्काची जागा होती. इथे आल्यावर खोली थोडी मोठी झाली, स्वतःची झाली, आणि बाहेरची जागा नाहीशी झाली. वन रूम किचनमध्ये बारावीला बसलेली मुलगी, आजारी आजी आणि रात्रपाळी करून झोपलेला बाप एकत्र असतात. त्या मुलीसाठी अभ्यासिका ही चैन नव्हे. तिला दुसरी जागाच नाही.

आणि ही मागणी काही आजची नाही. सुमारे 1900 वर्षांपूर्वी नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने नाशिकच्या पांडवलेण्यात एक लेख कोरवला. शूर्पारकात, म्हणजे आपल्या सोपाऱ्यात, चार बाजूंनी दालने असलेली निवासस्थाने आणि आसरे बांधून दिल्याची नोंद त्यात आहे. याच लेखात डहाणूच्या नदीसह काही नद्यांवर फुकट नावा चालवल्याचे आणि काठावर सभास्थाने व पाणपोया उभारल्याचेही आहे. बंदरावर परमुलखातून माणसे येतात, त्यांना टेकायला जागा लागते, आणि ती राज्यकर्त्याने द्यायची असते, एवढे त्या काळी समजले होते.

तिसरा आक्षेप मात्र मला सर्वांत जड वाटतो, कारण तो खरा आहे. महाराष्ट्रभर समाजमंदिरे बांधली गेली : कुठे आमदार-खासदार निधीतून, कुठे दलित वस्ती सुधार योजनेतून. त्यांतली कित्येक आज कुलपात आहेत. काहींची व्यायामशाळा झाली, काहींचे पक्ष कार्यालय, काही मंडळाच्या गणपतीचे सामान ठेवायची खोली झाली. किल्ली कुणाकडे असते हे गल्लीतल्या पोराला ठाऊक असते आणि पालिकेच्या दप्तरात सापडत नाही. हे नाकारून समाजगृहाची बाजू मांडता येणार नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष ‘बांधू नका’ असा नाही, ‘किल्ली सोडू नका’ असा आहे. रुग्णालयात डॉक्टर नसतो म्हणून आपण रुग्णालयच नको म्हणत नाही.

चांगले चालले तर काय होते, हे ऑगस्ट 2025 मध्ये शेजारी विरारला दिसले. विजय नगरमधल्या रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला आणि 17 माणसे गेली. त्या रात्रीनंतर बेघर झालेल्या कुटुंबांना चंदनसारच्या समाजमंदिरात नेण्यात आले, तिथेच त्यांच्या जेवणाची, पाण्याची, औषधांची सोय झाली. जुलै 2018 च्या पुरात नालासोपारा पाण्याखाली होता, वीज गेली होती, तळमजल्यावरची माणसे वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे राहिली. धोकादायक इमारतींच्या या शहरात प्रत्येक प्रभागात उंच जोत्याची, शौचालये असलेली एक सरकारी वास्तू असणे ही आपत्तीची तयारी आहे. शाळांना हे काम सांगितले की शाळा बंद पडते.

चौथ्या आक्षेपाला थोडक्यात उत्तर देतो. पाडलेल्या इमारतींत घरे घेणाऱ्यांनी खोट्या कागदांवर विश्वास ठेवून आयुष्याची कमाई घातली. गुन्हा विकणाऱ्यांचा आणि डोळेझाक करणाऱ्यांचा होता. शिवाय समाजगृहाच्या दारात कुणाच्या इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र तपासायचे नसते. तिथे मूळ गावठाणातला आचोळेकर येईल, कोकणातून आलेला येईल, जौनपूरहून आलेलाही येईल. हे तिघे एकत्र बसतील अशी दुसरी जागा आज आचोळ्यात दाखवा.

आता खर्च. संगमरवर, लिफ्ट आणि वातानुकूलित नाट्यगृह असलेले ‘सांस्कृतिक भवन’ कुणी पुढे आणले तर मीही विरोधकांच्या रांगेत उभा राहीन. हवे आहे ते साधे दुमजली बांधकाम. वर-खाली मिळून पाच हजार चौरस फूट धरा, आणि चौरस फुटाला तीन हजार रुपये. हे झाले दीड कोटी. आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला पाच कोटी, खासदाराचाही तेवढाच. पुढचा खर्च जास्त महत्त्वाचा, कारण समाजमंदिरे तिथेच मरतात. दोन पहारेकरी आणि एक सफाई कामगार, प्रत्येकी महिना वीस हजार, म्हणजे वर्षाला सात लाख वीस हजार. वीज, पाणी, डागडुजी मिळून तीन लाख. एकूण दहा लाखांच्या आसपास. वर्षात शंभर कार्यक्रमांना पाच हजार भाडे घेतले तर निम्मे वसूल होतात. उरलेले पाच लाख पालिकेने घालायचे. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे 12 लाख होती, नगरसेवक 115, म्हणजे एका नगरसेवकामागे साडेदहा हजार माणसे. माणशी वर्षाला पन्नास रुपयेही पडत नाहीत, आणि आजची लोकसंख्या कितीतरी वाढलेली आहे. माझे दर कुणाला कमी वाटले तर त्याने ते दुप्पट करावेत. तरीही आकडा माणशी महिना पंधरा रुपयांच्या आतच राहतो.

किल्लीचे नियम मात्र बांधकामाआधी ठरले पाहिजेत. किल्ली प्रभाग कार्यालयाकडे, कुठल्याही मंडळाकडे नाही. भाड्याचे दर भिंतीवर रंगवलेले, आरक्षणाची वही कुणालाही पाहता येईल अशी. खालचा मजला कार्यक्रमांसाठी, वरचा मजला पहाटेपासून रात्रीपर्यंत अभ्यासिका, आणि लग्नाच्या मोसमातही तो भाड्याने द्यायचा नाही. हयात पुढाऱ्याचे नाव इमारतीला नको. वर्षातून एकदा जमाखर्च रहिवाशांसमोर वाचून दाखवायचा. 2009 साली कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली, ती कागदावरच राहिली. पहिली क्षेत्रसभा इथेच भरवता येईल.

जून 2020 मध्ये आपल्या महापालिकेची मुदत संपली. पुढे पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासक होता, तेव्हा ही मागणी सांगायची कुणाला हाच प्रश्न होता. जानेवारी 2026 च्या निवडणुकीने नगरसेवक परत आले आहेत. आचोळ्याच्या नगरसेवकांनी भूमिपूजनाचा नारळ आत्ता फोडू नये. आधी एक यादी छापावी : आचोळे गावात 2007 च्या आराखड्याने राखलेले भूखंड कोणते, त्यांचे सर्व्हे क्रमांक काय, ताब्यात किती आहेत, किती जागांवर कलम 127 ची नोटीस आली आहे, आणि किती जागांवर आज इमारती आहेत. ती प्रभाग कार्यालयाबाहेर लावावी आणि तीत उरलेल्या जागांपैकी एक येत्या अर्थसंकल्पात समाजगृहासाठी निश्चित करावी.